हवामानाचा पैसा आणि आपली ग्रामसभा

(पोळ्यानंतर मेळघाटातल्या गावांची आणि डोंगरातून अकोट-तेल्हाऱ्याकडे हलवलेल्या गावांची एकत्र बैठक झाली. तिथं केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या गावांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं चावडीवर बाकीच्यांना वाचून दाखवावा.)



बायांनो, भावांनो, आणि घाट उतरून पायी आलेल्या म्हाताऱ्या माणसांनो,

पोळा झाला, बैलांचे खांदे शेकून झाले. निंदणाची घाई थोडी सरली म्हणून आज एवढी माणसं बसू शकली. आजचा विषय जरा नवा आहे. विषय हवामानाच्या पैशाचा.

मागच्या बैठकीत आम्ही हवामान बदल, कार्बन, असं काहीतरी सांगत होतो. तेव्हा मागं बसलेली एक म्हातारी माय उठली अन् म्हणाली, "बाप्पा, हवेचाई पैसा असते काय? मंग आपल्या हवेचा पैसा कोन घेऊन रायला?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण खरं सांगतो, तिला द्यायला त्या दिवशी आमच्याजवळ धड उत्तर नव्हतं. घरी गेलो, कागद काढले, जाणत्यांना विचारलं. त्या मायच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचं हे बोलणं.

हवामान बदललं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. मृगात पेरावं तर पुढं पावसाची ओढ, मग दुबार पेरणी. एका रात्रीत एवढा कोसळतो की वावरातली माती नाल्यात. मोहफूल वेचायच्या दिवसांत अवकाळी आली की फूल काळं पडतं, आणि त्या फुलावर ज्या घराचा उन्हाळा चालतो ते घर परतवाड्याला, अमरावतीला, वीटभट्टीवर जातं. पूर्वी कुटकी, सावा, कोदो होते. पाऊस कमी-जास्त झाला तरी काहीतरी पदरात पडायचं. आता सोयाबीनवर सगळा डाव. ते गेलं की वर्ष गेलं.

आता हे कोणामुळं झालं? ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून कारखाने चालवले, त्यांच्यामुळं. आपल्या गावात काही घरांत वीज आली ती काल-परवा. हे आम्ही रागानं म्हणत नाही. जगातल्या देशांनीच ते कागदावर मान्य केलं आहे. १९९२ साली रिओमध्ये करार झाला, त्यात लिहिलं की ज्याचा वाटा जास्त त्याची जबाबदारी जास्त. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देश म्हणाले, २०२० पासून गरीब देशांसाठी दर वर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. तो आकडा त्यांनी गाठला २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवीन आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. २०२१ मध्ये ग्लासगोला काही देशांनी आणि देणगीदार संस्थांनी जाहीर केलं की जंगल राखणाऱ्या आदिवासींच्या जमीनहक्कासाठी पाच वर्षांत १७० कोटी डॉलर देऊ. पुढच्या वर्षी त्यांनीच हिशेब छापला. दिलेल्या पैशांपैकी थेट आदिवासींच्या आणि गावांच्या संघटनांच्या हाती किती गेले? शंभरातले सात. बाकीचे मधल्यांच्या मार्फत. कालव्याच्या तोंडाशी पाणी धो-धो दिसतं अन् शेवटच्या वावरात माती ओली होत नाही, तसं हे आहे.

आता आपल्या देशात येऊ. आपल्या जंगलाच्या नावानं पैसा चार वाटांनी फिरतो. एकेक पाहू.

पहिली वाट दिल्लीतून मुंबईकडं येते. केंद्र सरकार कर गोळा करतं आणि राज्यांना वाटा देतं. कोणाला किती, हे वित्त आयोग ठरवतो. चौदाव्या वित्त आयोगानं पहिल्यांदा म्हटलं की ज्या राज्यात जंगल आहे त्याला त्यासाठी वेगळा वाटा द्यावा, आणि साडेसात टक्के वाटप त्या मापावर केलं. पंधराव्यानं ते १० टक्के केलं. म्हणजे मेळघाट उभा आहे, गडचिरोली उभी आहे, म्हणून महाराष्ट्राच्या तिजोरीत पैसा येतो. तो पैसा जंगल राखणाऱ्या गावाला द्यावाच, अशी अट मात्र नाही.

दुसरी वाट कॅम्पाची. हे नाव तुम्ही ऐकलं आहे, कारण लागवडीच्या पाटीवर ते असतं. कुठं खाण, धरण, रस्ता, रेल्वे यासाठी जंगल तुटलं की तोडणाऱ्यानं पैसे भरायचे. एक पैसा दुसरीकडं झाडं लावायला. दुसरा पैसा तुटलेल्या जंगलाची किंमत म्हणून, त्याला कागदावर निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात, साहेब लोक एनपीव्ही म्हणतात. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये हा निधी करायला सांगितला. २०१६ मध्ये कायदा झाला, २०१८ मध्ये नियम आले. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं साचलेल्या निधीतले ४७ हजार कोटींच्या वर राज्यांना दिले. त्यात महाराष्ट्राला ३ हजार ८०० कोटींच्या वर मिळाले.

आता ही किंमत कशी काढली ते ऐका. लाकूड मोजलं. जळण मोजलं. चारा मोजला. मोह, तेंदू, डिंक, चारोळी असं गौण वनोपज मोजलं. पाणी धरणं, माती धरणं, कार्बन शोषणं, वाघ, सगळं मोजलं. आणि २००८ मध्ये दर लावला, हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत. २०२२ मध्ये तो आणखी वाढला. म्हणजे आपण जे वेचतो, आपली जनावरं जे खातात, आपल्या डोंगरातून जे पाणी खाली जातं, त्याची किंमत सरकारनं लावली आहे. वान नदीचं पाणी अकोट-तेल्हारा-शेगावला जातं, शहानूरचं अंजनगाव-दर्यापूरला. ते पाणी डोंगर धरतो आणि डोंगर जंगलामुळं धरतो, हेही मान्य झालं. फक्त पैसा जमा होतो तो वनखात्याच्या निधीत.

आणि खर्च कसा होतो? नियमात लिहिलं आहे, काम करताना ग्रामसभेशी सल्लामसलत करावी, किंवा वन समितीशी. हा "किंवा" नीट पहा. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी मोठी माणसं. वन समिती म्हणजे खात्यानं केलेली कमिटी, जिचा सचिव बहुतेक ठिकाणी खात्याचाच माणूस. दोन-चार सह्या झाल्या की गावाचा सल्ला झाला! पण त्याच नियमात असंही आहे की काम वनहक्क कायद्याला धरून पाहिजे. "किंवा" त्यांना सापडला, हे वाक्य आपण पकडायचं.

आपल्यातल्याच एका गावाची गोष्ट. नाव घेत नाही, तिथला दावा अजून चालू आहे. गावाशेजारी एक माळ होता. कागदावर "विरळ जंगल", गावाच्या लेखी गाईचं रान. निस्ताराची जुनी जागा, कडेला मोहाची मोठी झाडं. एक दिवस जेसीबी आलं. खड्डे झाले, तार लागली, सागाची रोपं आली, पाटी लागली. लोकांना चार आठवडे मजुरी मिळाली, लोक खूश झाले. आम्हीही गप्प बसलो, हे कबूल करतो. पुढच्या उन्हाळ्यात मोह वेचायला बाया गेल्या तर तारेच्या आत जायची मनाई. जनावरं विकावी लागली. तीन वर्षांनी जाऊन पाहिलं, रोपं बरीचशी वाळलेली, पाटी मात्र ताजीतवानी. मजुरी चार आठवड्यांची, अन् रान गेलं कायमचं.

तिसरी वाट पोकराची. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ मध्ये जागतिक बँकेकडून ४२ कोटी डॉलर कर्ज घेऊन हा सुरू झाला, हवामान बदलात शेती टिकावी म्हणून. अमरावती, अकोला, बुलढाणा धरून मराठवाडा-विदर्भातले जिल्हे, सुमारे पाच हजार गावं, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली गावं त्यात घेतली. शेततळं, ठिबक, फळबाग, चांगल्या गोष्टी आहेत. आम्ही त्याला वाईट म्हणत नाही. खाली सपाटीवर कित्येकांना फायदा झाला. पण दोन अडचणी. आधी स्वतःचा पैसा घाला, मग अनुदान खात्यात येईल. ज्याच्याजवळ घालायलाच नाही तो रांगेत उभाच राहत नाही. दुसरं, अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो. आपल्यातल्या कित्येकांचा पट्टा अजून मंजूर नाही, ज्यांचा झाला त्यांचं नाव सातबाऱ्यावर "इतर हक्कात". कर्ज फेडायचं सगळ्या महाराष्ट्रानं, आपणही मिठापासून कापडापर्यंत कर भरतोच.

चौथी वाट सगळ्यात नवीन. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम आले. वनखात्यानं पडीक, विरळ वनजमीन दाखवायची, कंपनीनं पैसे द्यायचे, तिथं झाडं लावायची, त्याचे गुण कंपनीच्या नावावर. ते गुण वापरून ती कंपनी दुसरीकडं तोडलेल्या जंगलाची भरपाई दाखवू शकते. त्याच्या आधी जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या बाजाराची योजना आली. आपल्या देशानं जगाला वचन दिलं आहे की २०३० पर्यंत २५० ते ३०० कोटी टन कार्बन शोषेल एवढं जास्तीचं झाड-जंगल उभं करू. एवढी झाडं लावायला जमीन कुठून येणार? ज्याला कागदावर धनी दिसत नाही तिथून. तेव्हा "विरळ", "पडीक" हे शब्द ऐकले की सावध व्हा. ती आपली गुरचराई असते, देवाची जागा असते, दावा केलेलं वावर असतं.

भावांनो, पैसा हक्काच्या आधी आला की काय होतं, हे इथं बसलेल्या पुनर्वसित गावांएवढं कोणाला माहीत आहे? १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. पुढं एकेक गाव हललं. धारगड, केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, अमोणा, नागरतास, बारूखेडा ही गावं डोंगरातून अकोट-तेल्हारा भागात आली. एका कुटुंबाला १० लाख ठरले होते. आता मघाचा आकडा आठवा. एका हेक्टर चांगल्या जंगलाची किंमत त्याच सरकारच्या कागदावर १० लाख ४३ हजार होती. म्हणजे एक अख्खं घर, त्याचं वावर, रान, पाणी, देव, वाडवडलांच्या जागा, आणि मोबदला एका हेक्टरपेक्षाही कमी. आणि गंमत पहा, गाव हलवायचा खर्चसुद्धा कॅम्पाच्या नियमांत बसतो.

आणखी एक गोष्ट त्या वेळी कोणी समजावून सांगितली नाही. चिखलदरा आणि धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं पेसा लागू आहे. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रच नाही. घाट उतरला, तिथंच पेसाची ग्रामसभाही मागं राहिली. जानेवारी २०१९ मध्ये यातली माणसं पुन्हा डोंगरात गेली, तिथं झटापट झाली, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. जखमी झालेले गार्डही गरिबाघरचीच पोरं होती. त्या दिवसाचं दुःख आम्हाला आहे. पण ती माणसं पुन्हा वर का गेली, हा प्रश्न त्या जखमांसोबत मिटत नाही. आणि त्यांनी निराश होऊ नये म्हणून सांगतो, वनहक्क कायदा अकोल्यातही लागू आहे. तो पेसावर अवलंबून नाही.

आता उलटी बाजू. पायविहीर गाव तुम्हाला ठाऊक आहे, अचलपूर तालुक्यातलं. तेही अनुसूचित क्षेत्रात नाही. २०१२ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. मिळालेला डोंगर हिरवागार नव्हता, उघडा-बोडका होता. आधी हक्क आला, मग काम. रोजगार हमीतून चर खोदले, झाडं लावली, चराईला आणि कुऱ्हाडीला गावानंच नियम लावले. डोंगरावरची सीताफळं एकत्र करून शहरात विकली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधतेचा पुरस्कार त्या गावाला मिळाला. शेजारच्या नयाखेडा, उपातखेडा, खतिजापूर यांनीही असाच हक्क मिळवला. तिकडं गडचिरोलीत मेंढा-लेखानं २००९ मध्ये हक्क घेतला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. झाडं इथंही लागली, पैसा इथंही आला. पण कुठं लावायची, कोणती लावायची, हे गावानं ठरवलं. म्हणून मोह राहिला अन् गुरांची वाटही राहिली.

कोणी म्हणेल, ग्रामसभेला थेट पैसा द्यायची पद्धतच नाही. आहे! २०१५ पासून महाराष्ट्र सरकार आदिवासी उपयोजनेचे ५ टक्के पेसा गावांना थेट देतं, खर्च ग्रामसभा ठरवते. म्हणजे थेट पैसा देता येतो हे सरकारनंच दाखवलं. आमची मागणी एवढीच की कॅम्पाचा, हवामानाचा, जंगलाच्या नावानं येणारा पैसासुद्धा सामूहिक हक्काच्या ग्रामसभेला असाच थेट यावा, डोंगरात असो की सपाटीवर.

पण थेट पैसा मागायचा तर आपलं घरही झाडून ठेवावं लागेल. हे कडू वाटेल, तरी बोलतो. ५ टक्क्यांचा पैसा किती गावांत ग्रामसभेत वाचून खर्च झाला? किती गावांत दोघा-तिघांनाच पासबुक ठाऊक आहे? किती ठरावांवर बायांचे अंगठे घरी नेऊन घेतले? ज्या गावाला स्वतःचा हिशेब माहीत नाही, त्याला साहेबाचा हिशेब विचारता येत नाही.

म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी प्रत्येक गावानं ही पाच कामं करावी.

एक. कोऱ्या किंवा अर्ध्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. लागवडीचा, करोडो रुपयांचा, कार्बनचा कोणताही कागद आला तर त्याची नक्कल मागा आणि पूर्ण ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. विचारा: जागा कोणती, झाड कोणतं, किती वर्षांचा करार, आत चराई आणि मोह वेचणं चालेल काय, पैसा कोणाच्या खात्यात, भांडण झालं तर कुठं जायचं.

दोन. जिथं दावा पडून आहे तिथं ठराव लिहा की वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दावा निकाली निघेपर्यंत कोणाला ताब्यातून काढता येत नाही, आणि या जागेवर ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय लागवड नको. ठरावाची पोच घ्या.

तीन. ज्यांनी सामूहिक दावा केला नाही त्यांनी या वर्षी करावाच. पुनर्वसित गावांनीही आपली वनहक्क समिती करावी, निस्ताराचे जुने कागद आणि म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करावे.

चार. ज्यांना हक्क मिळाला त्यांनी चौथ्या नियमाखालची समिती करून जंगलाचा आराखडा बनवावा. कुठं चर, कुठं चारा, कुठं मोह-तेंदू, कुठं कुटकी-सावा, पाणी कुठं अडवायचं. आपल्याजवळ आराखडा असला की म्हणता येतं, साहेब, पैसा यात टाका. आपला आराखडा नसला की त्यांचा येतो. यात भूमकालाही बसवा आणि बायांनाही. जंगल सगळ्यात जास्त त्याच पाहतात.

पाच. ग्रामसभेचं खातं, आणि दर महिन्याला हिशेब भिंतीवर. आकडे मोठ्या अक्षरात.

याला वेळ लागेल. काही साहेब मदत करतील, काही नाट लावतील. २०२२ मध्ये केंद्राच्या नियमांत बदल झाला, आता जंगल वळवायची मंजुरी आधी आणि वनहक्काचं पाहणं नंतर, असं होऊ शकतं. वारा आपल्या बाजूचा नाही. पण २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा छोट्या ग्रामसभांनी एकेक करून "नाही" म्हटलं, सुप्रीम कोर्टानं त्यांना तो अधिकार दिला होता, आणि डोंगर वाचला. बारा गावंच होती ती. इथं आज त्याहून जास्त बसली आहेत.

आता त्या मायला उत्तर देऊन थांबतो. माय, हो, हवेचाही पैसा असतो. आपल्या जंगलाच्या हवेचा, पाण्याचा, मोहाचा भावसुद्धा लागलेला आहे. तो पैसा दुसरे घेऊन रायले, कारण सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे अन् आपला ठराव कोरा आहे. आम्हाला जंगल विकायचं नाही, हवाही विकायची नाही. आपण राखलं ते आपल्या नावावर करा, मग पैशाचं बोला, एवढंच म्हणणं आहे. आधी हक्क, मग आराखडा, मग पैसा. हा क्रम उलटा झाला की तार लागते.

२ ऑक्टोबरला ग्रामसभेत भेटू. त्या दिवशी कोणी वीटभट्टीवर नको, कोणी बाजारात नको. बायांनी पुढं बसावं.

जोहार! जय सेवा!